शंभर ग्रॅमला किती आणि पोटात किती

आमच्या मुलीच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी आले, तेव्हा तिचे वजन वयाच्या मानाने कमी असल्याची नोंद झाली आणि पुढे बेळगावातल्या बालरोगतज्ज्ञांनी करून घेतलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन दहाच्या आसपास निघाले. मुलगी तिसरीत आहे आणि या वयात आकडा साडेअकराच्या खाली गेला की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाचे औषध व जंतांची गोळी लिहून दिली, सकाळचा चहा-बटर बंद करायला सांगितला आणि ‘बाकी घरचंच खायला द्या, डब्यातली पावडर नको,’ असे म्हणून आमची बोळवण केली. औषधाचा भाग सोपा होता. अवघड होते ते ‘घरचंच’ म्हणजे नेमके काय हे ठरवणे, कारण बातमी नातलगांत पसरताच जो तो आपापला उपाय घेऊन आला. थोरल्या जाऊबाईंनी चॉकलेटी पावडरीचा डबा आणला, नणंदेने ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचे पुडे पाठवले, सासूबाईंनी गूळ, खजूर आणि बीट यांची नावे घेतली, तर माझ्या आईने खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नाचणीचे पोते धाडले. प्रत्येकाजवळ कुठेतरी वाचलेले किंवा ऐकलेले एक कारण होते आणि ती कारणे एकमेकांशी जुळत नव्हती.

मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते. तिथे तोंडी सांगितलेल्या शिलकेला अर्थ नसतो, पासबुक पाहावे लागते. तीच सवय मी स्वयंपाकघरात लावली आणि सुरुवात जाऊबाईंच्या डब्यापासून केली. पाकिटावर घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त घातले त्याचे नाव आधी. त्या डब्यावर धान्याच्या सत्त्वापाठोपाठ साखर होती आणि शंभर ग्रॅममागे साखरेचा आकडा तिसाच्या वर होता. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेल्या प्रथिनांच्या दाव्याला एक बारीक चांदणी जोडलेली होती आणि चांदणीचा खुलासा डब्याच्या तळाशी होता : तो आकडा दुधात मिसळून घेतल्यावरचा. प्रथिने बहुतांशी दुधाचीच, पण श्रेय मात्र डब्याचे. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा वर्गच नाही, या कारणावरून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या सदरातून काढायला सांगितले होते, हे मला नंतर समजले. जाऊबाईंना मी यातले काही बोलले नाही. डबा कपाटात ठेवला आणि पाहुण्यांच्या मुलांना दूध देताना तो हळूहळू संपवला.

बिस्किटांच्या पुड्याने मला अधिक वेळ गुंतवून ठेवले, कारण त्यावरच्या टक्केवारीने मी आधी निश्चिंत झाले होते. एका वेळच्या वाढपात जोड साखर, म्हणजे वरून घातलेली साखर, दिवसाच्या गरजेच्या १२ टक्के, असे तिथे लिहिले होते आणि बारा टक्के म्हणजे फार नाही असेच कोणालाही वाटेल. मग ही टक्केवारी कशाची, याचा शोध घेतला. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार हे टक्के सरासरी प्रौढ माणसाच्या दिवसावर काढतात : २००० किलोकॅलरी, ५० ग्रॅम जोड साखर, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २००० मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे पुड्यावरचे कार्टूनचे चित्र मुलांसाठी आणि मागचे गणित मोठ्यांसाठी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशींत सात ते नऊ वर्षांच्या मुलांची ऊर्जेची गरज सुमारे १७०० किलोकॅलरी धरली आहे. साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत आणावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. पाच टक्के धरले तर माझ्या मुलीच्या वाट्याला दिवसाला साधारण २१ ग्रॅम येतात, म्हणजे पाच चमचे. पुड्यावरचे १२ टक्के म्हणजे ६ ग्रॅम, आणि ते तिच्या वाट्याच्या पाव हिश्श्याहून जास्त भरतात. त्यातही ‘वाढप’ म्हणून धरलेली बिस्किटे इतकी थोडी होती की तेवढ्यावर थांबणारे मूल मी पाहिलेले नाही.

यानंतर मी किराणा आणताना टक्के सोडून शंभर ग्रॅमचा रकाना पाहू लागले, कारण दोन पुड्यांची तुलना त्यानेच होते. ‘लो शुगर’ म्हणायचे तर घन पदार्थात शंभर ग्रॅमला ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही आणि ‘फायबरचा स्रोत’ म्हणायला किमान ३ ग्रॅम फायबर लागते, असे २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत आहे, त्यामुळे अशा ठरावीक शब्दांना निदान माप तरी आहे. ‘पौष्टिक’, ‘आईच्या मायेने’, ‘शक्तीचा खजिना’ यांना मोजमापच नाही. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांत पहिला घटक मैदा होता आणि बाकीची धान्ये एकेका टक्क्याची होती. ब्राउन ब्रेडच्या यादीत १५० ने सुरू होणारा रंगाचा क्रमांक दिसला, तो कॅरॅमलचा. शेंगतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे अभिमानाने छापले होते, पण वनस्पतीच्या तेलात ते कधीच नसते. हिरव्या ठिपक्याबद्दल तर आमच्या गल्लीत दोघीतिघींचा समज निघाला की तो आरोग्याला चांगल्या वस्तूवर असतो. तो केवळ शाकाहाराची खूण आहे, तळलेल्या वेफर्सवरही असतो.

वाचण्याचीही एक अडचण आहे. नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिली की पुरते, बाकीच्या भाषा कंपनीच्या मर्जीवर. आमच्या भागात नंदिनी दुधाच्या पिशवीवर कन्नड असते आणि गोकुळच्या पिशवीवर मराठी, पण बिस्किटांच्या पुड्यावर बहुधा बारीक इंग्रजीच. सासूबाई ज्ञानेश्वरी चष्म्याशिवाय वाचतात, पण ती यादी त्यांना मुलीकडून वाचून घ्यावी लागते.

इथपर्यंत घरात सगळे माझ्या बाजूने होते, कारण दोष कंपन्यांचा निघत होता. तोच काटा मी घरच्या दाव्यांना लावला तेव्हा वातावरण बदलले. गुळाने रक्त वाढते, हे सासूबाई लहानपणापासून ऐकत आल्या आहेत, आणि गुळात लोह असते हे खरेच आहे. पण शंभर ग्रॅम गूळ एका दिवसात कोणी मुलाला देत नाही. चपातीबरोबर दिलेल्या दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळेल आणि तिची दिवसाची गरज १५ मिलिग्रॅम आहे. बाकी त्या खड्यात मुख्यतः साखरच असते. ‘गुळाला पण आता नावं ठेवतीस व्हय गं?’ असे त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. बिटाचे तसेच : त्याचा लाल रंग लोहाचा नाही आणि शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह भरत नाही. गोकाकचे करदंट, आपला बेळगावचा कुंदा या मिठायांबद्दल ‘दुधातुपाचं, सुक्यामेव्याचं, म्हणून चांगलं’ असे आपण पाहुण्यांना सांगतो, तोही एक दावाच आहे. सणाला खाऊ म्हणून दिल्यास माझी हरकत नाही, औषध म्हणून द्यायला आहे.

नाचणीच्या हिशेबात मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. ‘दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर प्रत्येकाकडे आलेले असते आणि ते खोटे नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि शंभर मिलिलिटर दुधात सव्वाशेच्या आत कॅल्शियम असते. पण हे कोरडे पीठ आहे. मुलीच्या वाटीभर आंबिलात वीस-पंचवीस ग्रॅम पीठ जाते, त्यातून ऐंशीच्या आसपास मिलिग्रॅम येतात, तर एका पेल्यातल्या दोनशे मिलिलिटर दुधातून त्याच्या जवळजवळ तिप्पट. तिला दिवसाला ६५० मिलिग्रॅम हवेत, म्हणून दूध काढून नाचणी देण्यात अर्थ नाही आणि दुधावर थांबून नाचणी टाकण्यातही नाही. आईचे पोते वाया गेले नाही. भिजवून, मोड आणून दळलेल्या किंवा आंबवलेल्या नाचणीतले लोह व कॅल्शियम शरीराला अधिक मिळते, म्हणून आंबील करण्याची जुनी पद्धत मी तशीच ठेवली. आपल्या जुन्या पद्धतींपैकी हिशेबात टिकलेली ही एक. आंबिलात साखर किंवा गूळ न घालता ताक व मीठ घालायचे, एवढेच ठरवले.

शाळेतल्या अंड्याचा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीर भाग्य योजनेचे दूध मिळते, २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्यात आठवड्यातून तीन दिवस नाचणीचे माल्ट मिसळतात आणि दुपारच्या जेवणाबरोबर अंडे किंवा ते न खाणाऱ्यांना केळे देतात. निवड पालकांनी कळवायची असते. अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, केळ्यात एखादा ग्रॅम, तेव्हा कागदावर उत्तर उघड आहे. पण सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे, घरात अंडे शिजत नाही आणि नातीने शाळेत काही खाऊन ते आजीपासून लपवावे, असे मला किंवा माझ्या पतींना नको होते. आम्ही केळे कळवले आणि प्रथिनांची बाजू घरी भरून काढायची ठरवली. तिच्या वयाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिने लागतात. पेलाभर दुधातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, डाळ किंवा उसळीच्या एका वाटीतून सहा-सात आणि दोन चपात्यांतून सहा मोजले की तेवढे भरून थोडे उरते. हा हिशेब मांडल्यावर पावडरीचा प्रश्न माझ्यापुरता संपला.

लोहासाठी मटकी आणि हुलगे कामी आले, ज्यांत शंभर ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते आणि जे रविवार पेठेत कोणत्याही डब्यापेक्षा स्वस्त मिळतात. उसळीवर लिंबू पिळायचे, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणाच्या जवळपास येऊ द्यायचा नाही, कारण त्यातले टॅनिन उलट काम करते. लोहाचे औषध दुधाबरोबर द्यायचे नाही. फोडणीसाठी सासूबाईंची लोखंडी कढई पुन्हा माळ्यावरून खाली आली. ती सूचना त्यांचीच होती आणि ती पूर्णपणे बरोबर निघाली, कारण लोखंडी भांड्यातले थोडे लोह अन्नात उतरते. तेव्हापासून आमच्यातला गुळाचा तंटाही मिटला. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन बाराच्या वर आले. औषध मात्र डॉक्टरांनी शरीरातला साठा भरेपर्यंत आणखी काही महिने चालू ठेवले, म्हणून श्रेय आहाराला किती आणि औषधाला किती, असे मी वाटून दाखवणार नाही.

मध्यंतरी तिला जुलाब झाले, तेव्हा औषधाच्या दुकानातून ‘ओआरएस’ असे नाव असलेला फळाच्या चवीचा गोड खोका मिळाला. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून साधी पुडी दिली, जी एक लिटर पाण्यात विरघळवतात आणि जिच्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅमच असते. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांना ते नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. नावच दावा असेल तर मागची बाजू वाचायचे माणसाला सुचतही नाही, आणि दावे करण्याच्या सगळ्या प्रकारांत मला हाच सर्वांत वाईट वाटतो.

घरातले गणित बसल्यावर शाळेच्या दारातले उरले. जास्त चरबी, साखर आणि मिठाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० पासून आहे. आम्ही काही पालकांनी तो शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांचा सहभाग असलेल्या शाळा समितीच्या, बैठकीत मांडला. फाटकाजवळ टोपली घेऊन बसणाऱ्या आजींना उठवावे, असे कोणाचेच म्हणणे नव्हते, त्यांचे पोट त्यावर आहे. त्यांच्याशी मुख्याध्यापक बोलले आणि ठरले ते असे की पाकिटांच्या माळा त्यांनी लावायच्या नाहीत आणि फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, आवळे व हंगामात करवंदे ठेवायची. शेंगा संपतात, आवळे उरतात. पाकिटांच्या माळा आता चौकातल्या दुकानात आहेत, पन्नास मीटरांच्या पलीकडे, आणि तिथला मुलांचा खर्च किती ते महिन्याच्या शेवटी कळते. माझ्या मुलीला शनिवारी एक पाकीट घ्यायची परवानगी आहे. कोणते घ्यायचे ते ती शंभर ग्रॅमचा रकाना वाचून सांगते आणि बहुतेक वेळा त्यानंतरही हवे तेच घेते.