एकशे बारा रुपये चाळीस पैसे

२०१९ ची चतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे हे १ तारखेचं, रविवारचं. सिंधुदुर्गातल्या आमच्या बाजारपेठेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळाफुलांचं, सामान घेऊन बसलेल्या बायका माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलेल्या, कवंडळं आणि हरणं ओलांडून गिऱ्हाईक आत येत होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. रिचार्ज, सिम, चार्जर, स्क्रीनगार्ड, आणि वरच्या फळीवर झेरॉक्स.

चाकरमानी आले की गावातली माणसं तिप्पट होतात, टॉवर मात्र एकच राहतो. सकाळपासून एकच तक्रार ऐकत होतो, रेंज फुल्ल दाखवतेय पण फोन लागत नाही. त्या काड्या म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो एवढंच. टॉवरपाशी तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे की नाही हे काड्या सांगत नाहीत. एसटी समोर उभी दिसते म्हणून आत सीट मिळेल असं थोडंच आहे! हे मी दिवसभरात पंधरा-वीस जणांना सांगितलं असेल. एक बर्म्युडावाला तर, "तुमच्या गावात हे असंच असतं," म्हणून माझ्यावरच डाफरला. तुमच्या गावात! आडनाव बघितलं तर त्याची आणि माझी वाडी एकच.

अकराच्या सुमाराला आजी आल्या. खालच्या वाडीतल्या. बटणाचा फोन, पावसाने भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेला, वर रबर. गर्दी बाजूला सारत सरळ काउंटरला.

"झिला, बिघडलो काय बघ रे. आठ दिस वाजणाच नाय."

मी माझ्या फोनवरून तिच्या नंबरला रिंग दिली. टेप लागली की या नंबरवर इनकमिंग बंद आहे. कळलंच. तरी बॅलन्स बघितला. एकशे बारा रुपये चाळीस पैसे.

"आजी, पैसे असत. पण मुदत संपली."

"मगे पैसे असान वाजणा नाय कित्याक?"

२००३ पासून इनकमिंग फुकट आहे, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं. त्यात तिचं सिम जुनं, लाइफटाइमचं. घेताना कोणीतरी (मीच असेन) सांगितलेलं की आता जन्मभर बघायला नको. २०१८ च्या दिवाळीच्या आसपास कंपन्यांनी नवीन टूम काढली. दर २८ दिवसांनी किमान ३५ चा रिचार्ज मारा, नाहीतर आधी आउटगोइंग जाणार आणि मग इनकमिंग. आत कितीही पैसे पडून असोत. आजीचा मुलगा मुंबईहून अधूनमधून टॉपअप टाकायचा, आणि ही कोणाला फोनच करायची नाही, मिस्ड कॉल द्यायची. ते पैसे साठत गेले.

"डब्यात तांदूळ असत आणि तू म्हणतंस डबोच उघडूचो नाय," आजी म्हणाली. मागची चार माणसं हसली. मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

तिला पस्तीस रुपये जड नव्हते. पिशवीत पाचशेची नोट होती. पण स्वतःचे पैसे आत असताना वरून आणखी का, हा तिचा मुद्दा होता आणि तो बरोबरच होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानेही कंपन्यांना हेच बजावलं होतं, की असलेल्या बॅलन्समधून प्लॅन कसा घ्यायचा ते ग्राहकाला कळवा. म्हटलं, करून बघू. स्टार-हॅश दाबून मेनू उघडला, इंग्रजीतला. दुसऱ्या पायरीवर अडकला, मग नुसता एरर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मागून आवाज, "काका, लवकर करा की."

"मार मगे पस्तीस. पैसे मागसून देतंय, मोड नाय," आजी म्हणाली. वहीत लिहिलं. तेव्हा ३५ मारला की टॅक्स आणि प्रोसेसिंग फी जाऊन २६ रुपये ६६ पैसे टॉकटाइम यायचा, २८ दिवस मिळायचे, आणि माझे सुटायचे जेमतेम रुपयाभर. लापू सिमवरून (दुकानदाराचं रिचार्ज मारायचं सिम) रिक्वेस्ट पाठवली. पेंडिंग.

पेंडिंग हा रिचार्जवाल्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट शब्द. फेल झालं तर पुन्हा मारता येतं, झालं तर मोकळे. पेंडिंगमध्ये काहीच कळत नाही आणि गिऱ्हाईक तोंडाकडे बघत बसतं.

तेवढ्यात तिची खरी अडचण बाहेर आली. मुलगा आज यायचा होता, दुपारी चारच्या गाडीने. त्याने शेजारच्या पोराला फोन करून एवढंच सांगितलेलं, की आईचा फोन लागत नाही, बघ जरा. मूर्ती गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, तयार होती. दरवर्षी आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत घरी यायची. "मूर्ती आणूक कोण जातलो? शेजाऱ्याक सांगू की ह्याची वाट बघू?"

माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा एक फोन होता, त्यावरून मुलाला लावला. सातव्या-आठव्या प्रयत्नाला लागला. आजीने फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशी ओरडली, "खय पोचलंस?" तिचा आवाज त्याला जात होता, त्याचा हिला येत नव्हता. कट. दुसऱ्यांदा नुसती खरखर आणि गाडीचा खडखडाट. आता यात सगळा दोष आमच्या टॉवरचा नव्हे. तो कोकण रेल्वेवर कुठेतरी असणार, आणि त्या वाटेवर नुसते बोगदे. रत्नागिरीजवळचा एकटा करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा. तिसऱ्यांदा "आई, गाडी..." मग काही नाही, मग "...पाच..." आणि कट.

"पाचाक येतलो," आजी म्हणाली. चेहरा एकदम सैल झाला. "तासभर उशीर. मगे कोणाक सांगूक नको." फोन पिशवीत, वर रबर, आणि गेली.

लागोपाठ तीन कॉल कट. ट्रायने २०१५ मध्ये नियम काढला होता, कॉल ड्रॉप झाला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत. २०१६ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. राहिला असता तर त्या पाच मिनिटांत मी तीन रुपये कमावले असते, पस्तीसच्या रिचार्जवर सुटायचे त्याच्या तिप्पट.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा बघितलं, आजीचा रिचार्ज अजून पेंडिंग. म्हटलं, मेला असेल. पुन्हा मारला. तोही पेंडिंग.

पाच वाजले, सहा वाजले. साडेसहाला पाऊस आला. पेट्रोमॅक्स, बॅटऱ्या, टाळ घेऊन लोक डोक्यावर मूर्ती नेत होते. मला सारखं वाटत होतं की आजीचा मुलगा यातून जाईल. गेला नाही. एक रिक्षावाला सांगत आला, गाडी पाच तास लेट आहे.

पाच तास. पाचला नव्हे.

दहाच्या सुमाराला मी शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा ते दोघं दिसले. मुलगा प्रवासातल्याच कपड्यांत, डोक्यावर पाट, पाटावर प्लॅस्टिकने झाकलेली मूर्ती. मागून आजी त्याच्या पायांसमोर बॅटरी मारत. दुसऱ्या हातात ती दुधाची पिशवी. शाळेवाल्याने दार उघडं ठेवलं होतं तिच्यासाठी. मला बघितलं, पण थांबली नाही. मूर्ती वाटेत असताना कोण थांबतं?

रात्री अकरा चाळीसला लापूचा फोन वाजला. रिचार्ज सक्सेसफुल. मिनिटभराने पुन्हा, सक्सेसफुल. माझे सत्तर कापले गेले. कस्टमर केअरला सांगितलं, तर म्हणे दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, परत मिळणार नाहीत.

गौरी-गणपती गेल्यावर आजी आल्या. पस्तीस रुपये मोजून काउंटरवर ठेवले. मी चाचरत सांगितलं, सत्तर गेले.

"मी एकदाच सांगितलंय. दोनदा मारूक तुका कोणी सांगितल्यान?"

बरोबर. पस्तीस घेतले. मग तिने फोन पुढे केला, बघ म्हणाली. एकशे पासष्ट रुपये बहात्तर पैसे.

"पैशे नको सांगू. तारीख सांग."

२८ सप्टेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. तिने डोळे बारीक करून खालचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं. सर्वपित्री अमावास्या.

"म्हणजे अमावाशेक मरतलो," आजी म्हणाली, आणि रबर चढवलं.