मीटर बदलण्यापूर्वी अर्थिंग तपासा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरील काटे आणि दिवे मनमानी करू लागले की बहुतेक गॅरेजांत एकच निदान ऐकायला मिळते: मीटर, म्हणजे काटे, पडदा आणि दिवे असलेला अख्खा संच, गेला, बदलावा लागेल. मी घेतलेल्या 2009 सालच्या जुन्या हॅचबॅकच्या बाबतीतही तेच झाले आणि, ‘साहेब, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मीटर मिळून जाईल, उद्या बसवून देतो,’ असा उपायही तिथल्या तिथे सुचवण्यात आला. माझे मत मात्र असे आहे की मीटर बदलणे हा अगदी शेवटचा उपाय असावा, कारण मीटरच्या आतील इलेक्ट्रॉनिक्स सहसा शाबूत असते आणि बिघाड असतो तो त्याच्यापर्यंत येणाऱ्या जोडण्यांमध्ये.

माझ्या गाडीत दोन लक्षणे होती आणि ती वेगवेगळी समजून घेणे महत्त्वाचे ठरले. पहिले असे की हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर एकदम चालू केला की इंधनाचा व इंजिनाच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच क्षणी जागा सोडत. दुसरे असे की खड्ड्यातून गाडी गेली की किलोमीटर दाखवणारा पडदा कोरा होई आणि डॅशबोर्डवर थाप मारली की परत उजळे. टाकीतील फ्लोट (इंधनाची पातळी मोजणारा तरंगता भाग) आणि इंजिनावरील तापमानाचा सेन्सर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना दोन्ही काटे एकाच वेळी हलतात, तेव्हा दोष त्या दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे बहुधा अर्थिंगमध्ये (गाडीच्या बॉडीतून करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेत), शोधावा. थाप मारल्यावर जिवंत होणारा पडदा हे मात्र ड्राय सोल्डरचे (बोर्डवरचा डाग दिलेला सांधा भेगाळल्याचे) किंवा सैल कपलरचे (तारा जोडणाऱ्या प्लगचे) लक्षण आहे.

अर्थिंग तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना सुमारे 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. हे ठीक असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर यांना तूर्त बाजूला ठेवता येते. त्यानंतर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी मीटरच्या कपलरमधील अर्थच्या पिनवर टेकवून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असे जे जे काही जास्त करंट खाते ते चालू करावे. हा आकडा 0.1 व्होल्टच्या आसपास राहिला तर जोडणी चांगली. माझ्याकडे तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, म्हणजे वायर अखंड होती, पण वाटेत कुठेतरी अडथळा होता. मल्टिमीटरची केवळ ‘कंटिन्युइटी’ची, म्हणजे तार अखंड असल्याची, बीप ऐकून समाधान मानणारे इथे हमखास फसतात, कारण गंजलेला सांधाही बीप देतो, त्याचे खरे रूप करंट वाढल्यावरच दिसते.

अडथळा सापडला तो डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, बॉडीवर बोल्टने कसलेल्या अर्थच्या रिंगवर. तिच्यावर हिरवट पांढरा थर चढला होता आणि बोल्टाखालचा पत्रा तांबूस झाला होता. मुंबईची खारी, दमट हवा हे त्याचे एक कारण. दुसरे मला पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीत सापडले. रस्त्याकडेच्या गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने त्या जाळीतून आत पडतात, पाणी निचरण्याची भोके बुजवतात आणि मग जुलैच्या धारेत तुंबलेले पाणी वाट काढत फ्यूजच्या पेटीपर्यंत पोहोचते. बोल्ट काढून रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, पुन्हा घट्ट कसला आणि वरून व्हॅसलीनचा पातळ लेप दिला. काटे शांत झाले. जाळीही साफ केली, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच कारभार.

पडद्यासाठी मात्र मीटर बाहेर काढावा लागला. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे तिथे आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटे थांबावे आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मल्टिमीटर अजिबात लावू नये. एवढ्या जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटण्यापेक्षा प्लास्टिकची पट्टी बरी. बोर्ड भिंगाखाली धरला तेव्हा कपलरच्या पिनांपैकी दोघींच्या बुडाशी सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग स्पष्ट दिसली. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड चांगलाच तापतो, रात्री निवतो. धातूची पिन आणि बोर्ड कमीजास्त प्रसरण पावतात, त्यात खड्ड्यांचे हादरे, आणि वर्षानुवर्षांनी तो सांधा तुटतो.

फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारे रसायन), 60/40 चे (कथील आणि शिशाचे) सोल्डर, जुने सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सगळे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाच फेरीत मिळते. जुन्या सोल्डरवर नवे नुसते चढवू नये. आधीचे शोषून घेऊन, पिन साफ करून मगच नवे भरावे. संशयित दोनच नव्हे, तर त्या कपलरच्या सगळ्या पिना मी पुन्हा सोल्डर केल्या, कारण बाकीच्यांचे वयही तेवढेच होते. काट्यांना मात्र हात लावला नाही. त्यांच्यामागे छोट्या स्टेपर मोटारी असतात, आणि काटा एकदा उपसून पुन्हा बसवताना जागा चुकली की वेग कायमचा खोटा दिसतो.

मीटर उघडलाच होता म्हणून इशाऱ्याचे दिवेही तपासले, आणि इंजिनाच्या दिव्यामागे व्यवस्थित कापून लावलेली काळी टेप निघाली. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच चावी फिरवल्यावर कोणता दिवा विझत नाही एवढेच न पाहता कोणता मुळात लागतच नाही तेही पाहावे. टेप काढल्यावर दिवा लागला, दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला, आणि ऑक्सिजन सेन्सरचा दोष समोर आला. विकणाऱ्याने त्या दुरुस्तीचा खर्च माझ्या गळ्यात घातला होता तर!

आता कुर्ल्याच्या मीटरविषयी. किलोमीटरचा आकडा मीटरमधल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याचा मीटर बसवला की दुसऱ्याचे किलोमीटर आपल्या गाडीवर येतात. काही गाड्यांत तर चावी ओळखणारी यंत्रणाही मीटरशी बांधलेली असते आणि मग गाडी सुरूच होत नाही. जिथे बोर्डच जळला आहे तिथे इलाज नसतो, पण तेव्हाही जुनी चिप नव्या बोर्डवर आणणारा माणूस शोधावा आणि बदलाची नोंद सर्व्हिसच्या कागदांत ठेवावी.

एवढे करूनही माझा इंधनाचा काटा अर्ध्याच्या खाली आला की थोडा अडखळतो. तो दोष मीटरचा नाही. टाकीतल्या फ्लोटची प्रतिरोधाची पट्टी तिथे झिजली आहे. त्यासाठी मागची सीट उचलून पंपाचे झाकण उघडावे लागेल, तोवर ट्रिप मीटर पाहून पेट्रोल भरतो आहे.