एक गाळा सरकलेलं छप्पर

"सर, धुराडं आत चौथ्या खांबाशी आणि छपरावर पाचव्याशी कसं?"

ज्युनिअरने विचारलं, तेव्हा मी स्क्रीनकडे न बघताच म्हणालो, "वर वळवलं असेल." तासाभरापूर्वी मीच सही करून रिपोर्ट पाठवला होता.

६६ मीटर लांबीची शेड, दर ६ मीटरवर खांब, म्हणजे ११ सारखे गाळे. भिंती आतून-बाहेरून लेझर स्कॅनरने घेतलेल्या, छप्पर आणि बाहेरचं अंग ड्रोनच्या फोटोंवरून. दोन्हींचे पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या बिंदूंचे ढग, एकमेकांवर बसवायचे. लेझर अंतरच मोजतो, त्यामुळे त्याच्या मापावर भरवसा ठेवता येतो. फोटोंवरून उभं केलेलं मॉडेल आकार देतं. ते केवढं आणि कुठे, हे बाहेरून सांगावं लागतं. त्यासाठी जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा अचूक मोजलेल्या खुणा, हवेत. उड्डाणवाल्यांनी एकही ठेवला नव्हता. "सॉफ्टवेअर जुळवतं की!" या मंडळींपुढे मी हात टेकलेत. साध्या जीपीएसवर मॉडेल लांबीत ४ मीटर सरकून आलं.

जुळवणीची नेहमीची पद्धत म्हणजे आयसीपी. ती प्रत्येक बिंदूला समोरचा सर्वांत जवळचा बिंदू जोडून देते, अंतर कमी होईल असं मॉडेल हलवते, परत जोड्या लावते. १९९२ पासून ही पद्धत अशीच चालत आली आहे. पण आधी हाताने ढोबळ बसवून द्यावं लागतं, नाहीतर ते भलतीकडेच अडकतं. मी बसवलं. खांब दिसला, जवळच्या खांबावर ओढला. खरा खांब ४ मीटरवर होता, शेजारचा २ मीटरवर. म्हणजे आयसीपी करतं तेच मी केलं.

पुढचं सगळं सुरळीत. आरएमएस, म्हणजे जोड्यांमधलं ढोबळमानाने सरासरी अंतर, १७ मिलीमीटर. ड्रोनच्या मॉडेलला एवढं म्हणजे चैनच! फक्त ५ सेंटीमीटरपलीकडच्या जोड्या मोजायच्याच नाहीत, अशी मर्यादा मीच घातली होती. टोकाच्या भिंती ६ मीटर चुकल्या होत्या, त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. लांब भिंती सपाट. त्या स्वतःवरच घसरतात, अंतर वाढत नाही. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्हींत जुळलेला भाग, कमी दिसला, पण लेझरला छप्पर दिसतच नाही, म्हणून ते अपेक्षितच वाटलं. मी तपासले ते मधले आडवे छेद. टॉप व्ह्यू उघडला असता तर शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

दुपारी उघडला. एक गाळा मागे घेतला, तर एक टोक बसलं, दुसरं ९ सेंटीमीटर आखूड. स्केल! मॉडेलचं मापच जरा लहान होतं. दोन्ही लांब भिंती सकाळपासून जराशा आतल्या अंगाला दिसत होत्या, तेही मी गोंगाट म्हणून सोडलं होतं. आयसीपी मॉडेल फिरवतं, सरकवतं, ताणत नाही. चार कोपरे हाताने टिपून स्केलसकट सात पॅरामीटर (तीन फिरवण्याचे, तीन सरकवण्याचे, एक ताणण्याचा) काढले, जुळवणीत न घेतलेल्या तीन बिंदूंवर तपासले, आणि माफीच्या दोन ओळींसह नवा रिपोर्ट पाठवला.

त्यात आरएमएस १२ मिलीमीटर आहे. ओव्हरलॅप जवळपास तोच. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर फरक ५ मिलीमीटरचा.