तुम्ही विचारलंत म्हणून: कार्बन साठवणारे देश आपल्याला काही सांगतात का?

माहुल-चेंबूरच्या रिफायनऱ्यांतले तरुण इंजिनिअर, पवईला शिकणारी मुलं आणि ट्रॉम्बेच्या धुराड्यांशेजारी राहणारे लोक आम्हाला फिरून फिरून एकच विचारतात. ‘नॉर्वे, कॅनडा, अमेरिका इतकी वर्षं धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवताहेत. ते जे शिकले ते आपल्याला सांगतात का? की आपण सगळं पहिल्यापासून करायचं?’

सांगतात, आणि वाटतं त्यापेक्षा पुष्कळ सांगतात. हजारो पानं फुकट मिळतात. फक्त त्यात पकडलेल्या टनांचा मोठा आकडा पहिल्या पानावर असतो आणि आपल्या कामाची ओळ मागच्या तक्त्यात दडलेली असते. आमचं मत स्पष्ट आहे: दुसऱ्याने किती टन पकडले यावरून आपला एक व्हॉल्व्हसुद्धा ठरत नाही. त्याचा प्लांट कशामुळे आणि किती दिवस बंद पडला हे कळलं, तर मात्र फिल्टरपासून सुट्या हीट एक्स्चेंजरपर्यंत बरंच काही ठरतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं बाउंड्री डॅम वीजकेंद्र घ्या. कोळशावरच्या तिसऱ्या युनिटला ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅप्चर प्लांट जोडला. अशा प्लांटमध्ये ॲब्सॉर्बर नावाच्या मनोऱ्यात अमाईन हे रसायन असलेला द्रव, म्हणजे सॉल्व्हंट, धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि स्ट्रिपर या दुसऱ्या मनोऱ्यात वाफेच्या उष्णतेने तो सोडतो. वर्षाला १० लाख टनांसाठी हा प्लांट बांधला होता, पण तेवढं वर्षभरात कधी जमलं नाही. मुख्य कारणांपैकी एक होतं राख. धूळ पकडणाऱ्या यंत्रणेतून सुटलेली बारीक फ्लाय ॲश गॅसबरोबर पुढे जाते, डेमिस्टरवर (थेंब अडवणाऱ्या जाळीवर) आणि हीट एक्स्चेंजरच्या प्लेटांत बसते. दाबातली घट वाढते, ब्लोअरवर ताण येतो, गॅसचा प्रवाह कमी करावा लागतो आणि शेवटी धुण्यासाठी प्लांट थांबवावा लागतो. राखेतले लोखंडासारखे धातू अमाईनच्या ऑक्सिडेशनला वेग देतात, म्हणून सॉल्व्हंट लवकर सडतो, फेस येतो आणि नवा सॉल्व्हंट ओतण्याचा खर्च वाढतो. उपाय साधा पण महाग निघाला: महत्त्वाच्या एक्स्चेंजरना सुटा जोडीदार आणि दोन्हीकडे आयसोलेशन व्हॉल्व्ह, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो. हे सगळं त्यांनी उघड सांगितलं. त्यासाठी प्रांताच्या राजधानीत, रेजायनाला, २०१६ मध्ये एक स्वतंत्र ज्ञानकेंद्रही काढलं.

हा धडा आपल्यासाठी सोन्यासारखा आहे, कारण भारतीय कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते. त्यांना जे दुरुस्तीत शिकावं लागलं ते आपल्या पहिल्या ड्रॉइंगवर असायला हवं. दुसरी गोष्ट सल्फरची. सल्फर डायऑक्साइड अमाईनशी मिळून असे क्षार बनवतो जे स्ट्रिपरच्या उष्णतेने सुटत नाहीत. म्हणून गॅस ॲब्सॉर्बरमध्ये शिरण्याआधी तो दर दशलक्षात १० भाग किंवा त्याखाली आणावा लागतो. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रात समुद्राच्या पाण्याने गॅस धुण्याची यंत्रणा फार पूर्वीपासून आहे. देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांना मात्र ती बसवण्यातून जुलै २०२५ मध्ये सूट मिळाली. तिथे उद्या कार्बन पकडायचा झाला तर सल्फरची यंत्रणा आधी बांधावी लागेल. परदेशी अहवालातल्या ‘टनामागे खर्चा’त ती धरलेलीच नसते, कारण त्यांच्याकडे ती बहुतेक वेळा आधीपासून असते.

आता हवामान. नॉर्वेतल्या मोंगस्टाडचं चाचणी केंद्र २०१२ पासून चालू आहे आणि त्याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. कंपन्या आपल्या सॉल्व्हंटचं सूत्र गुप्त ठेवतात, ते रास्तही आहे. पण या केंद्राने ३० टक्के एमईए (एक साधं अमाईन) आणि सीझर-१ (अमाईनचं मिश्रण) अशा, सूत्र सगळ्यांना माहीत असलेल्या खुल्या सॉल्व्हंटच्या चाचण्या सगळ्या मोजमापांसह छापल्या. त्यामुळे कुणी विक्रेता ‘आमचा सॉल्व्हंट एक तृतीयांश वाफ वाचवतो’ म्हणाला तर ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारायला आपल्या हातात मोजपट्टी असते. मात्र मोंगस्टाडला थंडगार समुद्र हाताशी आहे. मुंबईचं समुद्राचं पाणी वर्षभर २५ ते ३० अंशांच्या घरात. ॲब्सॉर्बरमध्ये शिरणारा गॅस साधारण ४० अंशांवर आणायचा तर आपल्याला कूलर मोठा लागतो. कॉम्प्रेसरच्या टप्प्यांमधलं शीतकरण कमी पडतं आणि वीज जास्त जाते. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू (ज्या तापमानाच्या वर कितीही दाबलं तरी वायू द्रव होत नाही) ३१ अंश आणि ७४ बारच्या आसपास आहे. नॉर्वेत थंड पाण्याने तो सहज द्रव होतो आणि पंपाने ढकलता येतो. मे महिन्यात आपल्याकडे तो बिंदूच्या आगेमागे घोटाळतो, आणि तिथे दोन-तीन अंशांच्या फरकाने घनता झपाट्याने बदलते. पंपाचं माप नॉर्वेच्या तक्त्यावरून घेतलं तर तो अडखळणारच.

वाहतुकीतली माहिती त्यामानाने सरळ उचलता येते, पण तिथेही एक खोच आहे. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला वायू नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात द्रव करून जहाजाने किनाऱ्यावरच्या ओय्गार्डनला नेतात, तिथून समुद्राखालच्या पाइपने सुमारे १०० किलोमीटर दूर, तळाखाली २,६०० मीटरवर सोडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला वायू खाली गेला. त्यांनी आपली शुद्धतेची अट जाहीर केली: पाणी दर दशलक्षात ३० भागांपर्यंत, ऑक्सिजन १०, हायड्रोजन सल्फाइड ९. इतकी कडक का, हे आपल्या लोकांना लगेच कळत नाही. रिफायनरीच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, भट्टीच्या वायूत नायट्रोजनची आणि सल्फरची ऑक्साइडं. प्रत्येक कारखान्याचा वायू वेगळा तपासला तर ठीकच दिसतो. सगळे एकाच सामाईक पाइपमध्ये आले की एकमेकांशी क्रिया करून सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनतं, तेही पाणी अगदी कमी असताना. साध्या कार्बन स्टीलच्या पाइपला ते खातं. ट्रॉम्बे, ठाणे-बेलापूर आणि रायगडच्या कारखान्यांसाठी एक सामाईक लाइन आखायची असेल, तर प्रत्येकाच्या मर्यादा मिश्रण धरूनच ठरवाव्या लागतील.

खडकाचा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत जास्त शिकण्यासारखाही तिथेच आहे. सगळ्यांना नॉर्वेचं स्लाइपनर माहीत असतं: १९९६ पासून उत्तर समुद्राखालच्या उट्सिरा वालुकाश्मात साठवण, पहिली बरीच वर्षं वर्षाला सुमारे १० लाख टन. त्याची भूकंपीय मोजणीची माहिती संशोधकांसाठी खुली आहे, ती वापरावी. पण उट्सिरासारखा जाड, मऊ, सच्छिद्र थर नशिबाने मिळतो. त्याच देशात, त्याच कंपनीने चालवलेल्या स्नोव्हिट वायूक्षेत्रात २००८ मध्ये साठवणुकीला सुरुवात झाली आणि विहिरीतला दाब अपेक्षेपेक्षा झपाट्याने चढला. आधी विहिरीलगतच्या खडकात मीठ साचत होतं: कोरडा वायू खडकातलं खारं पाणी शोषतो आणि मीठ मागे ठेवतो. ग्लायकॉलमिश्रित द्रव सोडून ते धुतलं. तरी दाब चढतच राहिला, कारण तो थर आतून कप्प्याकप्प्यांचा होता. २०११ मध्ये त्यांनी त्याच विहिरीतला खालचा भाग बंद करून वरच्या स्टो थरात वायू सोडायला सुरुवात केली. वाटेत दुसरा थर होता म्हणून प्रकल्प वाचला. विहीर आखताना पर्यायी थर हाताशी ठेवायचा, हे आम्ही तिथून घेतलं.

अल्जीरियातल्या इन सालाहमध्ये २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन गेले. जेमतेम २० मीटर जाडीचा थर. उपग्रहाच्या रडारने दाखवलं की वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जातेय, आणि एका विहिरीवर उंचवट्याचे दोन भाग दिसले, म्हणजे खाली भेग उघडत होती. २००७ मध्ये जवळच्या एका जुन्या शोधविहिरीच्या तोंडातून वायू बाहेर आला. ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन प्रकल्पात वेगळंच झालं: दाब कमी ठेवण्यासाठी खडकातलं पाणी काढून दुसरीकडे सोडायचं होतं, त्या विहिरी वाळूने तुंबल्या आणि वायू सोडण्यावर मर्यादा आली.

या तिन्ही गोष्टी मुंबई हायसमोर ठेवून बघा. १९७४ मध्ये सापडलेलं, मुंबईपासून १६० किलोमीटरवरचं आपलं हे तेलक्षेत्र मुख्यतः चुनखडकाचं आहे. स्लाइपनर वाळूचं. चुनखडक कार्बोनिक आम्लात विरघळतो, पुढे कुठेतरी परत साचतो. त्यामुळे वालुकाश्मातले प्रवाहाचे आकडे इथे चालत नाहीत. पण इन सालाहची जुनी विहीर इथे तंतोतंत लागू पडते. पन्नास वर्षांच्या या क्षेत्रात जुन्या विहिरींची गर्दी आहे. प्रत्येकीचं सिमेंट कधीचं, केसिंगचं (विहिरीच्या आतल्या अस्तराच्या नळीचं) स्टील कुठलं, बंद करताना प्लग किती खोल दिला, याची यादी हा पहिला दस्तऐवज. सिम्युलेशन मॉडेल त्यानंतर.

बेसाल्टबद्दल तर आपल्याकडे फारच उत्साह असतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त खनिज झाल्याचं २०१६ मध्ये जाहीर केलं. ‘आपल्याकडे तर अख्खं दख्खन बेसाल्टचं!’ हे वाक्य आम्ही प्रत्येक सभेत ऐकतो. पण आइसलँडचा खडक भूशास्त्राच्या हिशेबाने कालचा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. पुण्याच्या आणि जळगावच्या खाणींत स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे जे देखणे स्फटिक मिळतात, ते बेसाल्टच्या पोकळ्यांतच वाढलेले असतात. जिथे वायू शिरायचा त्या जागा निसर्गाने पुष्कळ ठिकाणी आधीच भरून टाकल्या आहेत. पाण्याचाही हिशेब करा. कार्बफिक्सच्या पद्धतीला टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. वर्षाला १० लाख टनांसाठी रोज जवळजवळ सात कोटी लिटर! अमेरिकेतल्या वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्याशिवाय सोडला आणि तिथेही कार्बोनेट खनिजं सापडली. आपल्यासाठी तो प्रयोग जास्त जवळचा वाटतो.

आणि आपल्याकडेही देण्यासारखं आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाने पाण्याचा भार, दाब आणि भेगा यांचं नातं जगाला शिकवलं. कराडच्या प्रयोगशाळेने कोयना भागात ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं, त्यात बेसाल्ट आणि खालचा ग्रॅनाइट दोन्ही लागले. ताण कुठल्या दिशेने, भेगा किती, सच्छिद्रता किती, ही माहिती दख्खनमध्ये वायू सोडू बघणाऱ्याला परदेशातल्या कुठल्याही अहवालापेक्षा मोलाची आहे.

मग चांगलं ज्ञान बाहेर येतं ते कुठून? जिथे सरकारने पैसे देताना तशी अट घातली तिथून. शेलच्या क्वेस्ट प्रकल्पाला कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने ७४.५ कोटी आणि तिथल्या केंद्र सरकारने १२ कोटी कॅनेडियन डॉलर दिले आणि बदल्यात सविस्तर वार्षिक अहवाल जाहीर करायला लावले. ब्रिटनने नोव्हेंबर २०१५ मध्ये कार्बन साठवणाऱ्या प्रकल्पांसाठीची १ अब्ज पौंडांची स्पर्धाच रद्द केली, त्यातले पीटरहेड आणि व्हाइट रोज हे प्रकल्प कधी बांधले गेले नाहीत. पण आराखड्यांचे पैसे सरकारचे होते, म्हणून ते आज कुणालाही वाचता येतात. रॉटरडॅमचा रोड प्रकल्प २०१७ मध्ये बंद झाला, त्याचेही समारोप अहवाल खुले आहेत. न बांधलेल्या प्रकल्पांची ही कागदपत्रं बांधलेल्यांपेक्षा मोकळी असतात, खर्चाचे तपशीलही देतात.

पवईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे, नीती आयोगाचा धोरण अहवालही त्याच वर्षीचा. आता मोठे प्रात्यक्षिक प्रकल्प येतील. माहिती जाहीर करण्याची ही अट पहिल्याच अनुदानपत्रात हवी. करार झाल्यावर कुठलाही विक्रेता ती मान्य करणार नाही. दर महिन्याचे पकडलेले आणि प्रत्यक्ष साठवलेले टन वेगवेगळे. चाललेले तास. टनामागे वाफ, वीज आणि ओतलेला सॉल्व्हंट. कित्येक तास चाललेल्या प्रत्येक बंदचं कारण. प्रत्येक विहिरीचा रोजचा प्रवाह आणि तळाचा दाब. सॉल्व्हंटचं नाव गुप्त राहू द्या, त्याची झीज मात्र गुप्त नको. सगळं वर्षभराच्या आत जाहीर, आणि पीडीएफमधलं चित्र नको, मोजता येणारा तक्ता हवा.

वाचायला सुरुवात करायची असेल तर टेक्सासमधल्या कोळसा वीजकेंद्राला जोडलेल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाचा अमेरिकी ऊर्जा खात्याकडचा अंतिम अहवाल घ्या. ९० टक्क्यांहून जास्त पकडल्याचा आकडा त्यात आहे, पण तो केंद्राच्या धुरातून बाजूला काढलेल्या फक्त २४० मेगावॉटएवढ्या प्रवाहाचा आहे. वाफेसाठी लावलेल्या वेगळ्या गॅस युनिटचा धूर त्यात धरलेला नाही. मग बंद पडण्याच्या कारणांचा तक्ता उघडा. तीन वर्षांत तीनशेहून जास्त दिवस काही ना काही बंद होतं, आणि त्यात कॅप्चर प्लांटचा स्वतःचा वाटा चौथ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. उरलेलं वाफेचं युनिट, मूळ वीजकेंद्र, पाइपलाइन आणि पकडलेला वायू घेणारं तेलक्षेत्र. आपल्या प्रकल्पाच्या वेळापत्रकात यातल्या प्रत्येकासाठी किती दिवस धरलेत, ते त्या तक्त्याशेजारी लिहून बघा.