अकराचे टोले

काल, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, म्हणजे ब्रेक्झिट झालं. ऑफिसातून सुटल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरला गेले. तुफान गर्दी, झेंडे, गाणी. बिग बेनची दुरुस्ती चालू, म्हणून टोलेही रेकॉर्ड केलेले! आणि तेही रात्री ११ ला, कारण तेव्हा युनियनच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये, १२ वाजतात. वेगळं व्हायचं, तेसुद्धा त्यांच्याच घड्याळाने. मला हसूच आलं.

शेजारी एक आजोबा आनंदाने डोळे पुसत होते. पलीकडे युनियनचा निळा झेंडा पांघरलेल्या मुलीशी कुणाची तरी जुंपली होती. मी काढता पाय घेतला.

घरी आले तर जिन्यात शेजारची पोलिश ताई. १४ वर्षं इथे राहते, टॅक्स भरते, पण २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात तिला मत नव्हतं. मला होतं! येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, पासपोर्ट भारतीय, पण कॉमनवेल्थवाली (बहुतेक जुन्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या गटातली) ना मी, आणि इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थवाल्यांना मत होतं. माझं 'राहा' ५२-४८ मध्ये वाहून गेलं. ओळखीतल्या काही मराठी मंडळींनी मात्र 'निघा'ला दिलं होतं. युरोपवाल्यांना व्हिसाच नको आणि आपण फिया भरभरून बेजार, हा त्यांचा राग. तो अगदीच खोटा होता असं म्हणवत नाही.

हे तिला कसं सांगणार? आल्याचा चहा केला. तिने साखर दोनदा मागितली.