दीड मीटरच्या विमानाला फोर-स्ट्रोकच का

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा सांगाडा तयार झाला. बाल्साचं हलकं लाकूड आणि लाइट प्लाय, पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ६० इंच, क्षेत्रफळ साधारण ४२ चौरस डेसिमीटर. फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन जिथे बसतं त्या पुढच्या पाटीपर्यंत, सगळं चिकटवून झालंय, पण फायरवॉलला अजून एकही भोक पाडलेलं नाही, कारण आधी इंजिन ठरायला हवं. त्यामुळे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सध्या संध्याकाळी दुसरा विषय नसतो. भाचा टेक्नोला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकल करतो (सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनातूनच हे कॉलेज वाढलं) आणि रोज नवा आकडा घेऊन येतो.

"मामा, ५५ टू-स्ट्रोक घे ना. हलकं, स्वस्त, आणि पॉवर बघ किती!"

५५ म्हणजे ०.५५ घनइंचाचं इंजिन. मी ०.८२ घनइंचाचं, म्हणजे साडेतेरा सीसीच्या आसपासचं, सायतो कंपनीचं फोर-स्ट्रोक घेतोय. त्यामागचं गणित लिहून काढायचं भाच्याला कबूल केलं होतं. इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे लिहितो.

एरोबॅटिक्समध्ये, म्हणजे हवेतल्या कसरतींमध्ये, इंजिनाची खरी परीक्षा सरळ उभ्या रेषेत होते. विमान नाक वर करून चढताना पंख काहीच उचलत नाहीत, सगळं वजन प्रॉपेलरवर येतं. आणि नाक खाली करून उतरताना त्याच प्रॉपेलरने विमानाला धरून ठेवायचं असतं, नाहीतर वेग वाढत जातो आणि लूपचा (हवेत काढलेल्या उभ्या वर्तुळाचा) खालचा भाग लांबट होतो. चढताना आणि उतरताना वेग जवळपास सारखा राहिला की आकृती गोल दिसते, रोल, म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी, एका लयीत फिरतो. हे ज्याला हवं त्याने आधी प्रॉपेलर ठरवावा, मग तो प्रॉपेलर आरामात फिरवणारं इंजिन शोधावं. खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा अशा वेगाला मोजलेला असतो, जिथे आपण इंजिन कधी चालवतच नाही.

आकडेच घ्या. ५५ टू-स्ट्रोकवर १२×६ चा प्रॉप (प्रॉपेलर; १२ इंच व्यास, आणि ६ इंच पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) मिनिटाला १२,००० फेऱ्या फिरतो असं धरू. सहा इंच पिच गुणिले १२,००० केलं की हवेतला सैद्धांतिक वेग ताशी ११० किलोमीटर येतो. आता ८२ फोर-स्ट्रोकवर १४×६ चा प्रॉप ९,००० फेऱ्यांना फिरवा. वेग ताशी ८२ किलोमीटर येतो, आणि प्रॉपच्या चकतीचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवा सावकाश ढकलली तर तेवढ्याच ताकदीत जास्त ओढ मिळते. माझं विमान तयार होऊन २.७ किलोच्या आसपास भरेल. त्याला उभं टांगून धरेल एवढी ओढ या जोडीत आहे, आणि उतरताना मोठी चकती ब्रेक लावते.

आवाजातही फरक पडतो. १२ इंची प्रॉपचं टोक १२,००० फेऱ्यांना सेकंदाला १९२ मीटर वेगाने फिरतं, १४ इंचीचं ९,००० फेऱ्यांना १६८ मीटरने. कर्कशपणा बराचसा या टोकांचा असतो. आम्ही पादऱ्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर उडवतो, पलीकडच्या बांधाला तूर आणि एरंड उभा असतो, माणसं काम करत असतात. त्यांच्या कानांचा विचार आपणच करायला हवा.

फोर-स्ट्रोक ही या छंदात तशी उशिरा आलेली गोष्ट. जपानच्या ओएस कंपनीची स्थापना १९३६ ची, पण तिचं पहिलं फोर-स्ट्रोक, एफएस-६०, बाजारात आलं १९७६ साली. तोवर स्पर्धेतली विमानं टू-स्ट्रोकवर भन्नाट वेगाने आकाश कापायची. ऐंशीच्या दशकात एफ-थ्री-ए या आंतरराष्ट्रीय एरोबॅटिक वर्गात आकृत्या एका ठरावीक चौकटीत, एकीला लागून एक करायची पद्धत रुळली, तेव्हा वेगापेक्षा संयमित ओढ महत्त्वाची ठरली. त्यात दहा सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर वीस सीसीच्या फोर-स्ट्रोकला परवानगी होती. पुढे क्षमतेची मर्यादाच उठली. आज त्या वर्गात विमान दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि इंधन सोडून पाच किलोच्या आत असावं लागतं, आणि वरच्या पातळीवर बहुतेक सगळे इलेक्ट्रिक उडवतात.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर मला त्याबद्दल आदर आहे. माझ्या विमानाला किलोमागे ३३० वॉट धरले तर नऊशेच्या आसपास वॉट पुरतात. सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ४० ते ४५ अँपियर देऊ लागली की तेवढे मिळून जातात. इंधनाचं प्रमाण लावायची नीडल नाही, कंपन नाही, पंख पुसायला नकोत. आज नव्याने शिकणाऱ्या मुलाला, विशेषतः फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, मी डोळे मिटून इलेक्ट्रिक घे म्हणेन. माझ्या बाबतीत दोन गोष्टी आडव्या येतात. पादऱ्याच्या त्या शेतात वीज नाही. सहासात मिनिटांच्या उड्डाणाला एक बॅटरी, म्हणजे सकाळभर सराव करायचा तर महागड्या बॅटऱ्यांची रांगच लागते. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लिपोची मला सतत काळजी वाटत राहते. इंधनाच्या डब्याला सावली पुरते.

दुसरं कारण मनाचं आहे. मकरपुरा जीआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनावर भार आला की त्याचा आवाज कसा जड होतो ते मला बघावं लागत नाही, ऐकू येतं. उभ्या रेषेत थ्रॉटल कधी द्यायचा आणि वरच्या वळणावर कधी काढून घ्यायचा हे माझे कान ठरवतात. ते सुख मला सोडायचं नाहीये.

पेट्रोलचं २० सीसी इंजिनही भाच्याच्या यादीत होतं. इंधन पंपावर मिळतं, खर्च कमी, डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर असल्याने विमान उलटं केलं तरी इंधन-हवेचं मिश्रण बिघडत नाही. मोठ्या विमानाला मी तेच घेईन. पण इग्निशनचा डबा, त्याची वेगळी बॅटरी आणि जड मफलर मिळून या सांगाड्यावर तीनशे ग्रॅम जरी वाढले, तरी पंखावरचा भार चौरस डेसिमीटरमागे ६४ वरून ७१ ग्रॅमवर जातो. उतरण्याचा वेग वाढतो, स्नॅप रोलनंतर (झटक्यात घेतलेल्या गिरकीनंतर) विमान सावरायला वेळ लागतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि रबरी भागांना मानवत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे करूनच घरी यायचं. दोन-सव्वादोन मीटरच्या विमानासाठी एवढं केलेलं परवडतं.

राहिलं ग्लो इंधन, म्हणजे माझ्या इंजिनात जाणारं मिथेनॉल आणि तेलाचं मिश्रण, आणि इथे बडोद्याचे लोक भाग्यवान आहेत. देशातला बहुतेक एरंड गुजरातेत पिकतो. आपल्या आज्यांनी नाक दाबून पाजलेलं ते एरंडेल इंजिनासाठी अमृत आहे. मिथेनॉलमध्ये ते सहज विरघळतं, आणि इंजिन तापलं, मिश्रण पातळ झालं (इंधन कमी, हवा जास्त) तरी धातूला चिकटून राहतं. सिंथेटिक तेल स्वच्छ जळतं, पण अशा वेळी आधी हार मानतं. मी दोन्ही मिळून १८ ते २० टक्के तेल ठेवतो, त्यात थोडा वाटा एरंडेलाचा. एरंडेल नुसतंच जास्त घातलं तर झडपांवर तपकिरी वार्निश चढतं, हेही लक्षात ठेवा. या इंधनात घालतात ते नायट्रोमिथेन इथे सहजी मिळत नाही. ते अगदी कमी असलं तर फोर-स्ट्रोकसाठी बनवलेला गरम प्लग लावावा, म्हणजे मंद गतीला इंजिन अडखळत नाही.

मिथेनॉलबद्दल मात्र घरातल्या मोठ्यांनी मुलांना नीट बसवून सांगावं. ते विष आहे. जुलै २०२२ मध्ये बोटाद जिल्ह्यात ते पोटात गेल्याने माणसं दगावली. त्याची विक्री परवान्यावर होते ती योग्यच आहे. पेट घेतला तर दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. ओळखीने, नोंदीशिवाय आणायचं नाही आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवायचं नाही.

फोर-स्ट्रोक घेणाऱ्याने त्याचे लाड करायची तयारी ठेवावी. झडपांचं अंतर थंड इंजिनावर ०.०४ ते ०.१० मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालूनच बघायचं. सायतोचं सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात असतं, गॅस्केट नाही म्हणून गळती नाही, पण झडपेचं काम करायचं तर हात बारीक हवा. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की टाकी रिकामी, इंजिनातलं इंधन जाळून संपवायचं, मग बेअरिंगपर्यंत पोचेल असं तेल. आपल्या पावसाळ्यात हे टाळलं तर क्रँककेसमध्ये गंज हमखास, कारण जळलेल्या नायट्रोचं आम्ल आणि हवेतलं पाणी दोन्ही तिथेच साचतात. प्रॉपला दुहेरी नट लावायचाच. मिश्रण फार पातळ झालं की फोर-स्ट्रोक उलटा झटका देतं आणि एकेरी नट सुटून प्रॉप उडतो. समोर कोणी उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीच.

आणखी एक हिशेब भाच्याला पटला. जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे १५ अंश असतात, मे महिन्यात दुपारी ४२. तेवढ्याने हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी घटते. इंजिनाला हवा कमी, प्रॉपलाही कमी, पंखालाही कमी. म्हणून हिवाळ्यात जेमतेम पुरणारं इंजिन घेऊ नये, आणि नीडल ऋतूप्रमाणे पुन्हा लावावी. जास्तीत जास्त फेऱ्यांपर्यंत जायचं, तिथून दोन-तीनशे फेऱ्या श्रीमंत, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला यायचं, मग विमान नाक वर करून उभं धरायचं आणि ऐकायचं. उभ्या चढात टाकी खाली राहते, मिश्रण पातळ होतं. तिथे आवाज बसला तर अजून थोडं उघडायचं. (हिवाळ्यातलं उडवणं आम्ही उत्तरायणाच्या आसपास बंदच ठेवतो. आकाशात सगळीकडे मांजा असतो.)

आता माउंटची भोकं. इंजिन आडवं बसवतोय, सिलिंडर उजवीकडे, म्हणजे काउल (इंजिनावरचं आवरण) कमी कापावं लागेल आणि सुरू करताना प्लगवर इंधन साचणार नाही. उजवीकडे दोन अंशांचा कल देतोय. टाकीचा मध्य नीडलच्या पातळीत किंवा अर्धा सेंटिमीटर खाली ठेवायचा, त्यासाठी टाकीखालचा फोम कापून ठेवलाय. पहिल्या काही टाक्या जमिनीवरच, श्रीमंत मिश्रणावर, १३×८ च्या प्रॉपने काढीन आणि त्यानंतर झडपा तपासून १४×६ चढवीन. कोणी या आकाराच्या विमानावर १५×४ वापरला असेल तर उभ्या रेषेतला अनुभव जरूर कळवा, भाच्याचा सध्या त्याच्यावर डोळा आहे.