एका गोळीतली तीन औषधं

विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) साठीच्या एक मावशी चक्कर येते म्हणून ओपीडीत आल्या. मे महिना, पारा ४२च्या वर. दोन दिवस जुलाब, लघवी कमी. बीपी ९८/६०, उभं केल्यावर वरचा आकडा ८२.

‘बीपीची एकच गोळी घेते की ओ,’ म्हणाल्या. पाकीट पाहिलं : टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५, लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन १२.५. शिवाय विड्या वळून कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ५०, सकाळ-संध्याकाळ. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) २.९ आलं (फेब्रुवारीत ०.९ होतं), पोटॅशियमही वाढलेलं, ५.८.

तीन औषधांची ही जोडणी मुळात चांगली. एकाच औषधाचा डोस दुप्पट केला तर बीपी थोडंसंच उतरतं. वेगळ्या गटातलं दुसरं जोडलं की त्याच्या साधारण पाचपट फरक पडतो. अ‍ॅम्लोडिपिनने येणारी पायांची सूज टेल्मिसार्टनमुळे कमी होते. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम घटवतं, टेल्मिसार्टन ते धरून ठेवतं.

पण जुलाब आणि क्लोरथॅलिडोन मिळून अंगातलं पाणी आटलं. अशा वेळी मूत्रपिंड गाळणीतला दाब टिकवायला आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं आणि बाहेर जाणारी आवळतं. डायक्लोफिनॅक पहिली रुंद होऊ देत नाही, टेल्मिसार्टन दुसरी आवळू देत नाही. गाळणीत दाबच उरत नाही.

गोळी आणि डायक्लोफिनॅक दोन्ही बंद केल्या, सलाईन लावलं, ईसीजी काढला. पोटॅशियम फार वाढलं की त्यातल्या टी-लहरी उंचावतात, तशा त्या उंचावलेल्या नव्हत्या. मुलाने प्रेमाने शहाळी आणली होती, ती परत पाठवली : त्यात पोटॅशियम भरपूर. तिसऱ्या दिवशी बीपी १५४/९२ झालं. सगळी गोळी पुन्हा सुरू करायचा मोह इथेच होतो, आणि तो टाळायलाच हवा. फक्त अ‍ॅम्लोडिपिन ५ दिलं, कारण त्याने पाणी किंवा पोटॅशियम बिघडत नाही. क्रिएटिनिन १.१ झाल्यावर टेल्मिसार्टन ४० वेगळ्या गोळीत. कंबरेसाठी पॅरासिटामॉल.

मावशींच्या फाइलवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : जुलाब-उलट्या झाल्या तर टेल्मिसार्टन थांबवा, अ‍ॅम्लोडिपिन चालू ठेवा, त्याच दिवशी दाखवायला या. मनाने गोळ्या कायमच्या सोडू नका. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, पोटॅशियम ५.५च्या वर गेलं तर टेल्मिसार्टन कमी किंवा बंद. क्लोरथॅलिडोनचा विचार उन्हाळा सरल्यावर, तेही घरचं बीपी १३५/८५च्या वर राहिलं तरच.